बोटीच्या इंजिनात पाणी शिरलं, तर आधी वाट शोधा आणि मगच तेल बदला

डिपस्टिक ओढली आणि तेल दुधाळ दिसलं, की बहुतेकांचा हात थेट तेलाच्या कॅनकडे जातो. जुनं तेल काढायचं, नवं भरायचं, इंजिन तासभर चालवायचं आणि सुटलो म्हणायचं. आठवड्याने पुन्हा तेच दुधाळ तेल, कारण पाणी ज्या वाटेने आलं ती उघडीच राहिलेली असते. शिवाय ती वाट ओळखायची खूण ज्या तेलात होती, ते तेल आपणच फेकून दिलेलं असतं.

दुसरी चूक याहून महागात पडते. सेल्फ मारल्यावर इंजिन 'ठक्' करून अडतं, आपण दोष बॅटरीला देतो आणि दुसरी बॅटरी जोडून पुन्हा जोर लावतो. सिलिंडरात पाणी असेल तर त्या जोराने कनेक्टिंग रॉड (पिस्टनला इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याशी, म्हणजे क्रँकशी, जोडणारा दांडा) वाकतो.

दोन्ही चुका क्रमाच्या आहेत. खाली दिलेला क्रम मुख्यतः बोटीच्या आत बसवलेल्या, ओल्या एक्झॉस्टच्या डिझेल इंजिनासाठी आहे. ओला एक्झॉस्ट म्हणजे थंड करायला आत घेतलेलं बाहेरचं पाणी एल्बोमध्ये (एक्झॉस्टच्या वाकड्या जोडात) धुरात मिसळून बाहेर फेकलं जातं ती रचना. पेट्रोल आणि आउटबोर्डचा (बोटीच्या मागे बाहेर लावलेल्या मोटारीचा) फरक जिथे पडतो, तिथे तो सांगितला आहे.

## आधी जमवायच्या गोष्टी

क्रँकच्या पुढच्या बोल्टला बसणारा सॉकेट आणि लांब दांडा. डिपस्टिकच्या नळीतून तेल ओढणारा हातपंप. तीन-चार स्वच्छ पारदर्शक बाटल्या. इंजेक्टरखालचे (सिलिंडरात डिझेल फवारणाऱ्या भागांखालचे) नवे तांब्याचे वायसर. तीन ते पाच तेल फिल्टर आणि तेवढ्याच वेळा भरता येईल इतकं तेल. टॉर्च, चिंध्या, जुन्या तेलासाठी झाकणाचा डबा. आणि तुमच्या मॉडेलची पुस्तिका, कारण खाली जिथे मी 'साधारण' म्हटलं आहे तिथे शेवटचा शब्द तिचा.

तेल आणि फिल्टर एकदाच पुरतील एवढेच आणून काम सुरू करणारे निम्म्यात अडकतात. इंजिन अर्धवट धुतलेल्या अवस्थेत दोन दिवस उभं राहिलं, की आत गंज धरतो.

## टप्पा १: सेल्फ सोडा

इंजिन अडलं, नेहमीपेक्षा जड फिरलं किंवा एका ठरावीक जागी अडखळलं, की चावी बंद. दुसरा प्रयत्न नाही. मग याच क्रमाने:

१. बाहेरच्या पाण्याचा सी-कॉक (बोटीच्या बुडातून पाणी आत घेणारा नळ) बंद करा.
२. बॅटरीचा मुख्य स्विच बंद करा.
३. डिझेलचा पुरवठा बंद करून स्टॉपची दांडी ओढलेल्या जागी बांधून ठेवा.
४. एक्झॉस्टच्या सायलेन्सरचा तळाचा बूच उघडून पाणी सोडा. किती पाणी निघालं ते मोजून लिहून ठेवा, पुढे हा आकडा लागतो.

एवढी घाई कशासाठी, ते एका हिशोबात कळेल. सिलिंडर ५०० मिलीचा आणि कॉम्प्रेशनचं प्रमाण २०:१ धरलं, तर पिस्टन वर गेल्यावर उरणारी जागा जेमतेम २६ मिली असते, म्हणजे दोन मोठे चमचे. पाणी दबत नाही. तेवढं पाणी आत असलं तरी पिस्टनला वर जायला जागा उरत नाही आणि सेल्फची सगळी ताकद रॉडवर येते.

इशारा: कॉमन रेल इंजिनात (जिथे एकाच उच्च दाबाच्या नळीतून सगळ्या इंजेक्टरना डिझेल जातं) इंजेक्टरच्या नळ्यांमध्ये १,००० बारच्याही वर दाब असू शकतो. अशा इंजिनाच्या नळ्या स्वतः सैल करू नका. पेट्रोल इंजिन असेल तर प्लग काढण्याआधी बिल्जचा ब्लोअर (बोटीच्या तळाच्या पोकळीतली हवा बाहेर फेकणारा पंखा) किमान ४ मिनिटं चालवा आणि इग्निशन तोडून ठेवा.

## टप्पा २: पाणी कुठे आहे ते पाहा

'इंजिनात पाणी' या दोन शब्दांत तीन वेगळे आजार दडलेले असतात: सिलिंडरात, तेलात किंवा इंधनात.

सिलिंडर. ग्लो प्लग (थंड सिलिंडर तापवणारे विजेचे प्लग) असतील तर ते काढा. नसतील तरच इंजेक्टर काढा. काही इंजिनांत इंजेक्टरभोवती तांब्याची बाही असते आणि तिच्या पलीकडे कूलंट (इंजिन थंड ठेवणारं आतल्या सर्किटमधलं द्रव). इंजेक्टर जोराने उपसला तर बाहीही वर येते आणि नसलेली गळती आपण तयार करतो. भोकांवर चिंधी टाका, तोंड बाजूला ठेवा आणि क्रँक सॉकेटने हाताने फिरवा. फोर-स्ट्रोक इंजिनाला पूर्ण दोन फेरे द्या, तेव्हाच प्रत्येक सिलिंडरचं चक्र पुरं होतं. पाणी कोणत्या सिलिंडरातून आलं ते लिहा. एल्बोला सर्वांत जवळच्या सिलिंडरातच आलं असेल तर संशय एक्झॉस्टवर. शेजारशेजारच्या दोन सिलिंडरांत आलं असेल तर त्यांच्यामधल्या हेड गॅस्केटवर (हेड म्हणजे सिलिंडरांवरचं झाकण, गॅस्केट म्हणजे त्याखालची सीलपट्टी).

तेल. डिपस्टिकवरची पातळी वाढली आहे का, हे रंगाच्या आधी पाहा. तेल दुधाळ व्हायला ते पाण्यासोबत घुसळलं जावं लागतं. रात्रभर उभ्या इंजिनात पाणी तळाशी बसतं आणि डिपस्टिकवर वर तरंगणारं स्वच्छ तेलच दिसतं. त्यामुळे रंग ठीक पण पातळी चढलेली, ही सर्वांत फसवी अवस्था. हातपंपाची नळी थेट तळाला टेकवा आणि पहिला अर्धा कप वेगळ्या बाटलीत घ्या.

झाकणाखाली पिवळसर, लोण्यासारखा थर आणि डिपस्टिकवर मात्र स्वच्छ, न वाढलेलं तेल असेल तर घाबरू नका. इंजिन पुरेसं तापू न देता थोडा-थोडा वेळ चालवलं की हवेतली वाफ झाकणाखाली थिजते. हा दोष वापराचा असतो.

इंधन. सेपरेटरचा (इंधनातलं पाणी वेगळं करणाऱ्या फिल्टरचा) तळाचा नळ काचेच्या बाटलीत सोडा. पाणी असेल तर खाली वेगळा थर दिसतो. इंजिन गचके खातं, बंद पडतं, पण तेल आणि सिलिंडर स्वच्छ आहेत, तर प्रश्न टाकीचा आहे. टाकी भरण्याच्या तोंडाचा रबरी रिंग आणि हवेची नळी तपासा.

तपासणी: तेलात पाणी आहे की नाही याचा संशय फिटत नसेल तर गरम तव्याची परीक्षा करा. उघड्यावर, डोळ्यांवर चष्मा घालून, १३० ते १६० अंश सेल्सिअस तापलेल्या धातूच्या पट्टीवर तेलाचा एक थेंब टाका. तडतडला तर पाणी आहे. साधारण ०.१ टक्का पाणीही असं पकडता येतं. तेलाला इंधनाचा वास येत असेल तर हा प्रयोग करू नका.

## टप्पा ३: पाणी कोणतं आहे

पहिल्या बाटलीतलं पाणी वेगळं होऊ द्या. हिरवट, लाल किंवा निळसर रंग दिसला तर ते कूलंट. रंग नसेल तर थोडं पाणी स्टीलच्या स्वच्छ पट्टीवर वाळवा. पांढरे खरखरीत कण उरले तर ते समुद्राचं. समुद्राच्या एक किलो पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात, त्यामुळे थोड्या पाण्यातही खूण उरते. चव घेऊन पाहणारे मी पाहिले आहेत. कूलंटमधला एथिलीन ग्लायकॉल विषारी असतो आणि चवीला गोडसर लागतो, तेव्हा जीभ यातून लांबच ठेवा.

त्याच वेळी कूलंटच्या टाकीचं झाकण, इंजिन पूर्ण थंड असताना, उघडा. पातळी उतरली असेल तर कूलंट कुठेतरी जातंय. चढली असेल आणि टाकीतलं पाणी खारं असेल तर हीट एक्स्चेंजर (बाहेरच्या पाण्याने कूलंट थंड करणारा भाग) फुटला आहे. चालू इंजिनात आतल्या बाजूला दाब जास्त, म्हणून कूलंट बाहेर जातं. थंड होताना आत ओढ निर्माण होते आणि बाहेरचं पाणी आत येतं. पण हीट एक्स्चेंजर एकटाच फुटला असेल तर तेलात पाणी येत नाही. हा फरक न कळल्यामुळे कितीतरी हेड विनाकारण उघडली जातात.

तेलाचा नमुना प्रयोगशाळेत पाठवणार असाल तर याच बाटलीतला पाठवा. अहवालात सोडियमसोबत मॅग्नेशियम आलं तर समुद्राचं पाणी. सोडियमसोबत पोटॅशियम, बोरॉन किंवा सिलिकॉन चढलेलं असेल तर कूलंटमधल्या गंजरोधकाकडे बोट जातं.

## टप्पा ४: वाट शोधा

इथे यंत्राआधी स्वतःला विचारायचं: पाणी सापडण्याच्या आधी बोट काय करत होती? अर्धं निदान या उत्तरात असतं.

इंजिन सुरू होत नव्हतं आणि बराच वेळ सेल्फ मारला. सेल्फ फिरतो तेवढा वेळ पंप बाहेरचं पाणी आत ओढून सायलेन्सरमध्ये भरत राहतो. इंजिन पेटलेलं नसतं, म्हणून ते पाणी ढकलून बाहेर टाकायला धुराचा जोर नसतो. सायलेन्सर भरला की पाणी उलटं एल्बोत आणि तिथून उघड्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हमधून सिलिंडरात. टप्पा १ मध्ये सायलेन्सर काठोकाठ निघाला असेल तर पहिला संशय यावर. इथे यंत्राचा काहीच भाग फुटलेला नसतो. इंजिन का पेटत नव्हतं, तेवढं शोधा.

बोट शांत उभी होती, काल चालत होती, आज अडली. ही सायफनची खूण, म्हणजे भरलेल्या नळीतून पाणी आपोआप खालच्या पातळीकडे ओढलं जाणं. एल्बोत पाणी सोडण्याची जागा पाणपातळीच्या खाली किंवा जवळ असेल, तर झिजलेल्या इम्पेलरच्या (पाण्याच्या पंपातल्या रबरी चाकाच्या) पात्यांमधून पाणी रात्रभर हळूहळू ओघळत राहतं. हा सायफन तोडायला नळीच्या उंच वळणावर हवेचा छोटा व्हॉल्व्ह असतो. त्यातली रबरी जीभ मिठाने चिकटते. व्हॉल्व्ह काढा, फुंकून पाहा. हवा एकाच दिशेने जायला हवी. दोन्हीकडून बंद असेल तर चोर सापडला. पाणी सोडण्याची जागा पाणपातळीपासून १५ सेंटिमीटरहून कमी उंच असूनही हा व्हॉल्व्हच नसेल, तर ती चूक बसवणाऱ्याची आणि ती तुम्हालाच दुरुस्त करायची आहे.

बोट ओढून आणली, शिडावर चालली किंवा मागून लाटा बसत होत्या. सी-कॉकची जाळी पुढे तोंड करून असेल तर चालत्या बोटीत पाणी जोराने इम्पेलरच्या पलीकडे ढकललं जातं. मागून येणारी लाट एक्झॉस्टच्या तोंडातून आत चढते. नळी बाहेर पडण्याआधी उंच वळण घेते का आणि तोंडावरची झडप शाबूत आहे का, ते पाहा.

इंजिन उत्तम चालत होतं आणि थांबवल्यावर तेल वाढलेलं आढळलं. इथे तीन संशयित आहेत आणि त्यांना सोप्याकडून अवघडाकडे या क्रमानेच भेटा.

१. गिअरवर चालणारा बाहेरच्या पाण्याचा पंप. त्याच्या शाफ्टवर दोन सील असतात, एक पाण्याचं आणि एक तेलाचं, आणि दोघांच्या मध्ये खाली एक बारीक भोक. पाण्याचं सील गेलं की पाणी त्या भोकातून ठिबकायला हवं. भोक मिठाने बुजलं, तर पाणी तेलाच्या सीलवर दाब देतं आणि इंजिनात शिरतं. ठिबकणं बंद करायला भोकात सीलंट भरलेले पंप मी पाहिले आहेत. याहून स्वस्तात इंजिन मारायची युक्ती मला माहीत नाही. भोक तारेने मोकळं करा आणि ठिबकत असेल तर दोन्ही सील बदला.

२. ऑइल कूलर. चालू इंजिनात तेलाचा दाब पाण्यापेक्षा जास्त असतो, म्हणून आधी तेल पाण्यात जातं. एक्झॉस्टच्या पाण्यावर इंद्रधनुषी तवंग किंवा कूलंटच्या टाकीत काळपट साय दिसते. इंजिन थांबलं की उलटा प्रवास सुरू होतो. कूलर काढून एक बाजू बंद करा, दुसरीकडून कमी दाबाची हवा द्या आणि पाण्यात बुडवून बुडबुडे पाहा.

३. हेड गॅस्केट, तडा किंवा लायनर (सिलिंडरची आतली बाही). कूलंटच्या सर्किटला दाबाचा काटा असलेल्या वेगळ्या हातपंपाने टाकीच्या झाकणावर छापलेल्या दाबाइतकाच दाब द्या आणि २० मिनिटं काटा पाहा. काटा उतरतोय आणि बाहेर कुठेही थेंब नाही, म्हणजे गळती आत आहे. ग्लो प्लगच्या भोकातून टॉर्च मारून कोणता पिस्टन ओला होतो ते पाहा. सगळे कोरडे राहिले आणि डिपस्टिकची पातळी वाढली, तर लायनरच्या खालच्या रिंगांवर संशय घ्या.

टर्बोसोबत बाहेरच्या पाण्यावर चालणारा आफ्टरकूलर (टर्बोने दाबलेली हवा थंड करणारा भाग) असेल तर त्याच्या तळाचा ड्रेन जरूर उघडा. तो फुटला की पाणी हवेच्या वाटेने थेट सिलिंडरात जातं आणि हेड उघडूनही काही सापडत नाही.

एल्बो राहिला. वरच्या कशातच उत्तर मिळालं नाही तर एल्बो उतरवा. तो आतून गंजतो आणि बाहेरून रंगवलेला, देखणा दिसत राहतो. आतली भिंत स्क्रू ड्रायव्हरने टोचा. पापुद्रे सुटले किंवा टोक आत गेलं तर एल्बो बाद.

## टप्पा ५: पाणी काढा, आत धुवा

खाऱ्या पाण्याच्या बाबतीत घड्याळ चालू असतं. शोध काही तासांत लागला नाही तर नमुना, फोटो आणि नोंदी जपून ठेवा आणि धुण्याचं काम सुरू करा. वाट नंतर शोधता येईल. मात्र ती सापडेपर्यंत सी-कॉक बंद ठेवा आणि इंजिन लोडवर चालवू नका.

१. तेल आणि फिल्टर काढा. सिलिंडरांतून उरलेलं पाणी हाताने क्रँक फिरवून बाहेर घ्या.
२. प्रत्येक सिलिंडरात एक छोटा चमचा पातळ तेल घाला आणि पुन्हा हाताने फिरवा. जास्त तेल घालू नका, तेही पाण्यासारखंच अडतं.
३. नवं तेल, नवा फिल्टर. ग्लो प्लग किंवा इंजेक्टर बाहेरच ठेवून, सी-कॉक बंद ठेवून, तेलाचा दाब दिसेपर्यंत सेल्फ थोडा-थोडा मारा.
४. वाकलेल्या रॉडची परीक्षा इथेच करा. भोकातून पातळ सळई घालून प्रत्येक पिस्टन सर्वांत वर कुठपर्यंत येतो ते मोजा. एक पिस्टन बाकीच्यांपेक्षा खाली राहत असेल तर रॉड वाकला आहे. तो इंजिन सुरू करून सरळ होत नाही.

इशारा: सुटे भाग यायला आठवडा लागणार असेल तर इंजिन धुऊन कोरडं ठेवू नका. सिलिंडरांत तेल घाला आणि क्रँककेस (क्रँक आणि तेल असलेला खालचा भाग) डिझेल किंवा स्वस्त तेलाने भरून टाका, म्हणजे हवा पोहोचणार नाही. त्यावर ठळक चिठ्ठी लावा: 'सुरू करू नये'.

## टप्पा ६: पुन्हा सुरू करणं

नव्या वायसरसह इंजेक्टर बसवा, सायलेन्सर रिकामा आहे याची खात्री करा. इंजिन पेटलं त्याच क्षणी सी-कॉक उघडा, कारण रबरी इम्पेलर कोरडा फार वेळ टिकत नाही. तेलाचा दाब १०-१५ सेकंदांत आला नाही तर बंद.

५ ते १० मिनिटं बिनलोड चालवा, थांबवा, तेल आणि फिल्टर बदला. मग पूर्ण तापेपर्यंत २०-३० मिनिटं, पुन्हा तेल आणि फिल्टर. तेल स्वच्छ दिसेपर्यंत हेच, बहुधा तीन ते पाच वेळा. फिल्टर दर वेळी बदलायचा, कारण दुधाळ तेल त्यातच साठून राहतं. शेवटी लोडवर तासभर चालवा, उरलेला ओलावा वाफ होऊन जातो.

धूर पांढरा असेल तर तो हवेत लगेच विरतो का ते पाहा. विरला तर वाफ. रेंगाळला, डोळ्यांना झोंबला आणि पाण्यावर तवंग उमटला, तर ते न जळलेलं डिझेल, म्हणजे इंजेक्टर किंवा कॉम्प्रेशन.

## इंजिन पूर्ण बुडालं असेल तर

पाण्याखाली असताना गंज मंद असतो, खरा हल्ला बाहेर काढून हवा लागल्यावर होतो. म्हणून मेकॅनिक, तेल आणि जागा तयार होण्याआधी इंजिन काढून उन्हात ठेवू नका. आउटबोर्ड काढावाच लागला आणि लगेच काम होणार नसेल तर तो गोड्या पाण्याच्या पिंपात बुडवून ठेवा. काम हाती घेतल्यावर भरपूर गोड्या पाण्याने धुवा, प्लग काढा, हाताने फिरवा आणि वरचा टप्पा ५. बुडाला तेव्हा आउटबोर्ड चालू होता की बंद, हे विचारायला विसरू नका. चालू असेल तर रॉड वाकल्याचंच गृहीत धरा. वायरिंगचे जोड आणि सेल्फही उघडून धुवावे लागतात.

## पुन्हा होऊ नये म्हणून

इंजिनाची चावी सी-कॉकच्या मुठीला टांगा. एवढ्या एका सवयीने सुरू करताना आणि बंद करताना तुम्ही सी-कॉकपाशी जाताच. दहा-दहा सेकंदांच्या तीन प्रयत्नांत इंजिन पेटलं नाही तर सी-कॉक बंद करून सायलेन्सर रिकामा करा आणि मगच चौथा प्रयत्न.

गोड्या पाण्याने इंजिन धुताना नळाची नळी थेट पंपाच्या वाटेला जोडून, इंजिन बंद ठेवून, पाणी सोडणं हा सर्रास दिसणारा घात आहे. नळाचा दाब पाणी इम्पेलरपलीकडे ढकलतो आणि सायलेन्सर भरतो. बादलीत नळी सोडा, इंजिनाला बादलीतून ओढू द्या आणि इंजिन थांबण्याआधी बादली भरायचं थांबवा. आउटबोर्डच्या धुण्याच्या तोंडाची रीत मॉडेलनुसार वेगळी असते, त्यासाठी पुस्तिका पाहा.

वर्षातून एकदा हवेचा व्हॉल्व्ह कोमट गोड्या पाण्यात धुवा आणि इम्पेलर बदला. एल्बो दर दोन वर्षांनी उतरवून पाहा. खाऱ्या पाण्यात पाचएक वर्षांनंतर त्याच्यावर विसंबू नका. झिंकची कांडी (बाकी धातूंऐवजी स्वतः गंजणारी) अर्धी झिजली की बदला. तुटलेला तुकडा हीट एक्स्चेंजरच्या नळ्यांत अडकलेला राहू देऊ नका. कूलंट निर्मात्याने सांगितलेल्या मुदतीत बदला. थंडीत पाणी गोठतं अशा ठिकाणी बोट उभी करणार असाल तर बाहेरच्या पाण्याचं सर्किट रिकामं करा किंवा त्यात गोठणरोधक भरा. गोठताना पाणी सुमारे ९ टक्के फुगतं आणि ब्लॉक फोडतं.

निव्वळ बॅटरी चार्ज करायला इंजिन दहा मिनिटं चालवू नका. चालवायचंच तर पूर्ण तापू द्या, शक्यतो लोडवर.

## आउटबोर्डचा गिअरकेस

इथलं पाणी इंजिनाच्या तेलात दिसत नाही, म्हणून विसरलं जातं. मोटार रात्रभर सरळ उभी ठेवा आणि सकाळी खालचा स्क्रू किंचित सैल करा. तेलाआधी पाणी आलं किंवा तेल दुधाळ निघालं, तर प्रोपेलर काढून शाफ्टवर मासेमारीची दोरी गुंडाळली आहे का ते पाहा. बहुतेक वेळा तीच सील कापते. सील बदलल्यावर तेल खालच्या भोकातून, वरच्या भोकातून बाहेर येईपर्यंत भरा. मग आधी वरचा स्क्रू लावा, नंतर खालचा, आणि दोन्हींना नवे वायसर. जुने वायसर परत वापरले, तर नवं सील घालूनही पुढच्या खेपेला दुधाळच तेल निघेल.